चार बोटं केस

४ जून

प्रिय ताई,

आधी फोन केला नाही म्हणून रुसून घे आणि मग पुढे वाच. तू मावशी होणार आहेस. तिसरा महिना चालू आहे. फोनवर सांगायचं तर आमचं घर दीड खोलीचं. मी इकडे 'हॅलो' म्हटलं की तिकडे सासूबाईंच्या हातातली सुरी थांबते. तुझा फोन दिवसभर प्रयोगशाळेच्या फाटकावर जमा. शिवाय मला कागदावरच नीट खरं बोलता येतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तब्येत ठीक आहे. बालवाडीत उभं राहून पाय भरून येतात, म्हणून मी हल्ली खुर्चीत बसून गाणी म्हणते आणि पोरं माझ्याकडे संशयाने बघतात. यांना तर आनंदाने काही सुचेनासं झालंय. बोटीचं इंजिन खोलून बसतात आणि कुठला नट कुठे ठेवला ते विसरतात.

सासूबाईंचं मात्र तेच. लग्नाला दीड वर्ष झालं तरी आमच्यात दिवसाला दहा वाक्यांवर बोलणं नाही. चाळीस वर्षं मासळीबाजारात फळी मांडतात, सगळी बडबड गिऱ्हाइकांवर खर्च करून घरी येतात, असं हे म्हणतात. पण मी घरात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात मोठ्या तलवारमाशाचा मधला तुकडा माझ्या ताटात असतो. आपल्याकडे अंडंसुद्धा चोरून खायचो, त्यामुळे मला अजून एक मासा दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. शिजला की सगळे सारखेच. यावरून इथे माझी यथेच्छ टिंगल होते. आता गोड बातमी कळल्यापासून तुकडे एकाचे दोन झालेत. वन्सं ताट आणून देतात आणि संपेपर्यंत दारात उभ्या राहतात. वन्सं म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, अडतीस वर्षांच्या. चालताना भिंतीला हात लावून चालतात, शब्द अडकतो म्हणून फार बोलत नाहीत, पण मी ताटात काही टाकलं तर एवढं मोठं तोंड करून आत जाऊन चुगली करतात.

खरं सांगू? सासूबाई मला काही म्हणत नाहीत, पण तो तुकडा ताटात पडला की मी या घरातली आहे असं वाटतं.

पत्र फळीच्याच पत्त्यावर पाठव, आमच्या गल्लीत पोस्टमन फिरकत नाही.

तुझी,
ठमी

१२ जून

ठमे,

तुझं पत्र वाचून मी हसले, रडले आणि मग शेवटाकडे आले तेव्हा हातातलं सोडून कागद घेऊन बसले. रुसायला वेळ नाही. तो मोठा मासा आजपासून बंद कर.

नीट ऐक. मी दिवसभर काय करते असं कुणी विचारलं की तू 'ताई मिक्सरमध्ये मासे फिरवते' असं सांगतेस. तेच करते. फिरवते आणि त्यात पारा किती आहे ते मोजते. पारा पाण्यातून बारीक किड्यांत जातो, किडे लहान मासे खातात, लहान माशांना मधले, मधल्यांना मोठे. माशाच्या अंगातून तो सहज बाहेर पडत नाही, साठत जातो. म्हणून जो मासा सगळ्यात मोठा आणि वयाने जुना, त्याच्यात सगळ्यात जास्त. आणि तुझ्या ताटात येतो तो नेमका तोच. मीठ चोळून, डोकं काढून, तासभर शिजवून काही होत नाही, तो मांसातच असतो. तुला काही जाणवणारही नाही. पण बाळाचा मेंदू आत्ता घडतोय.

तुमच्या बाजूच्या किनाऱ्यावरचे तलवारमासे आमच्याकडे एप्रिलमध्ये आले होते. कुठल्या फळीवरचे ते आम्हाला कळत नाही, बरणीवर फक्त क्रमांक असतो. मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाले. अहवाल साहेबांच्या कपाटात आहे, वरून परवानगी आल्याशिवाय बाहेर जायचा नाही. तेव्हा हे बाजारात कुणाला बोलू नकोस, माझ्या नोकरीवर येईल.

मासे सोडू नकोस. तारल्या खा, बोटाएवढे मासे खा, ते चांगलेच आहेत. फक्त मोठा नको. सासूबाईंना सांग. जमत नसेल तर डॉक्टरांचं नाव पुढे कर, पण सांग. पत्र मिळाल्याबरोबर उत्तर टाक, तोवर माझा जीव टांगणीला आहे.

ताई

२२ जून

प्रिय ताई,

पत्र मिळालं. सासूबाईंनी पदरात बांधून आणलं होतं. पाकीट ओलं होऊन एका बाजूने सुटलं होतं, मासळीबाजारात कोरडं काय राहणार म्हणा. त्यांनी हातात दिलं आणि आत गेल्या. तरी पुढचं पत्र बालवाडीच्या पत्त्यावर टाक, तिथे निदान सुकं मिळेल.

तू सांगितलंस तसं केलं. सासूबाईंशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. आता तारल्याच खाते, काळजी करू नकोस.

पण मला काही विचारायचं आहे. दीड वर्ष मी जे खाल्लं त्याचं काय? ते अंगातून निघून जातं की तसंच बसून राहतं? बाळाला काही झालं तर ते जन्मल्याबरोबर कळतं की नंतर? बालवाडीत एक मुलगा आहे, रंगांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. आधी मी त्याला पटकन पुढच्या रंगाकडे न्यायचे. काल त्याच्याजवळ अर्धा तास बसले आणि घरी येऊन रडले. यांना वाटलं पाय दुखतायत, तेल लावून दिलं.

एवढं सोडलं तर सगळं छान आहे. भूक लागते, ताटातले तुकडे आता दोनाचे तीन झालेत. वन्सं जास्तच पहारा देतात.

ठमी

५ जुलै

ठमे,

तारल्यांचे तुकडे करून कोण खातं? बोटाएवढ्या माशाचे तीन तुकडे तुझ्या सासूबाई काय भिंगातून करतात? मला शेंडी लावू नकोस. तू मला कधी नीट फसवू शकली नाहीस. पेन्सिल हरवली म्हणायचीस आणि ती तुझ्या कानावर असायची.

कदाचित मीच उगाच संशय घेतेय. तसं असेल तर माफ कर. पण मला खात्री हवी.

तुझ्या प्रश्नांचं उत्तर असं: खाणं थांबवलं की पारा अंगातून हळूहळू निघून जातो. साधारण दोन महिन्यांत निम्मा. म्हणून आत्ता थांबणं महत्त्वाचं, मागचं मोजत बसणं नाही. बाळाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, कुणीच शकत नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण 'बहुतेक' हा शब्द मला तुझ्या बाबतीत चालत नाही.

ऑगस्टमध्ये, म्हणजे जूननंतरचा केस पुरेसा वाढला की, मला तुझे केस पाठव. केस महिन्याला बोटाच्या रुंदीच्या जरा आत वाढतो, आणि त्या महिन्यात अंगात जेवढा पारा असेल तो त्या त्या भागात अडकून राहतो. मानेच्या वर, पाठीमागे, काडेपेटीच्या काडीएवढी जाड बट अगदी मुळापासून कापायची. मुळाकडची चार बोटं ठेवायची, पुढचा केस टाकून द्यायचा. मुळाकडच्या टोकाला दोरा बांधायचा, म्हणजे नवा महिना कुठला आणि जुना कुठला ते आम्हाला कळेल. हे विसरू नकोस. यंत्रावर बसणाऱ्या आमच्या बाई मला नाही म्हणणार नाहीत.

ताई

१८ ऑगस्ट

प्रिय ताई,

सोबत केस आहेत. मागे हात पोचेना, आणि हे हातात कात्री धरतात ती पत्रा कापायची. शेवटी सासूबाईंनाच म्हटलं. डॉक्टरांना रक्त कमी आहे का ते केसांवरून बघायचंय, अशी थाप मारली. त्यांनी मासे कापायची कात्री तीनदा साबणाने धुतली, मला पाटावर बसवलं आणि मागे उभ्या राहिल्या. मी सांगितलं, मुळापासून कापा, चार बोटं ठेवा, दोरा बांधा. त्यांनी तसं करून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. कापून झाल्यावरही त्यांचा हात डोक्यावर बराच वेळ होता. मला वाटलं अजून काही कापायचं राहिलंय.

बाळ आता हलतं. पहिल्यांदा हललं तेव्हा मी फळ्यावर चेंडू काढत होते, अर्धाच राहिला.

निकाल काय येईल तो मला लगेच कळव. वाईट असला तरी कळव.

ठमी

५ सप्टेंबर

ठमे,

निकाल आला आहे.

बाईंनी केसाचे चार भाग केले, एकेका बोटाचा एक. दोऱ्यापासून सगळ्यात लांबचा, म्हणजे सगळ्यात जुना भाग, त्यात पारा त्यातल्या त्यात कमी. त्याच्या अलीकडचा जास्त. त्याच्या अलीकडचा त्याहून जास्त. दोऱ्याजवळचा, म्हणजे या दोन महिन्यांतला, सगळ्यात जास्त. असायला हवा त्याच्या तिप्पट.

मी दोनदा करायला लावलं. दोन्ही वेळा तेच.

तू खात होतीस. मी पत्र लिहिल्यानंतर, सगळं समजावल्यानंतरही खात होतीस, आणि मला तारल्या खाते म्हणून लिहीत होतीस. कागदावर खरं बोलता येतं ना तुला? मला तुझा राग आलाय असं लिहायला बसले होते, पण राग नाही, भीती वाटतेय. सहावा महिना चालू आहे तुझा. कसली भीड होती एवढी? एका तुकड्याला नाही म्हणायचं होतं.

रजा टाकून येऊ का? मी येऊन बोलते त्यांच्याशी. तू फक्त हो म्हण.

ताई

१० सप्टेंबर

ताई,

हो, खात होते.

तुझं पहिलं पत्र वाचलं त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून जेवायला बसले. सासूबाई समोर बसून माझ्या तुकड्यातले काटे बोटांनी काढत होत्या. दिवसभर बर्फात हात घालून त्यांची बोटं भेगाळलेली असतात, मीठ झोंबत असणार. एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होत्या. आणि मी तोंड उघडून काय म्हणणार होते, की तुमच्या माशात विष आहे? याच माशावर त्यांनी दोन मुलं वाढवली. मी घास उचलला. म्हटलं उद्या सांगू. तो उद्या असा रोज उद्याच राहिला. तुला लिहिलं तेव्हा वाटलं होतं की पत्र पोचेपर्यंत सांगून होईल आणि मग ते खोटं राहणार नाही.

रोज खाताना पोटावर हात ठेवायचे आणि मनात माफी मागायचे. आणि तरी खायचे. त्या बाईचं माझ्यावर प्रेम आहे हे हातातून जाऊ नये म्हणून मी माझ्या बाळाला पणाला लावलं. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार.

काल तुझं पत्र वाचून घरी आले. वन्संनी ताट ठेवलं. मी ते बाजूला सारलं आणि म्हटलं, "आई, मी हा मासा खाणार नाही. यात पारा आहे. बाळाला बाधेल."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता घर सोडावं लागणार. मग मी तुझं पत्रच त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा फक्त तुझा पत्ता मागितला आणि कोरा कागद. रागावल्यात की काय, काही कळत नाही. काय लिहितात ते मला दाखवत नाहीत.

तू येऊ नकोस आत्ता. आधी त्यांचं पत्र येऊ दे.

ठमी

१२ सप्टेंबर

सुनेच्या ताईंना नमस्कार.

माझं शिक्षण चौथी. फळीवर रद्दीत मासा बांधायच्या आधी मी ती रद्दी वाचते, तेवढाच माझा अभ्यास. चुकलं तर सांभाळून घ्या.

जूनमधलं तुमचं पत्र मी वाचलं होतं. पाकीट भिजलं नव्हतं, मी वाफेवर धरून उघडलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण ती दिवस गेलेली, तोंडाने काही सांगत नाही, मला वाटलं दुखतंखुपतं ते बहिणीला लिहीत असेल.

त्या दिवसापासून तलवारमासा माझ्या चुलीवर चढलेला नाही. मी तिला लहान जातीचा पांढरा मासा जाड कापून घालते. तुकडे लहान पडतात म्हणून दोनाचे तीन केले. तिला कळलं नाही. तिला मासा ओळखता येत नाही, हे मी चेष्टेने म्हणायचे, या वेळी उपयोगी पडलं. रोज ती तोंड पाडून खायची. मला वाटायचं पोटात जड होतंय. ती भिऊन खात होती हे मला परवा कळलं. तिला वाटलं मी रागवेन आणि मी वाट बघत होते की ती आपणहून सांगेल. मी आधी बोलले असते तर पत्र फोडल्याचं कबूल करावं लागलं असतं. माझ्या हट्टापायी पोर तीन महिने जळत राहिली.

आता केसांचं. तुमचा निकाल दोनदा वाचला, मेळ बसेना. मी मोठा मासा बंद केला तर पारा वाढेल कसा? मग लक्षात आलं. केस मी कापला, दोरा मी बांधला. कुठल्या टोकाला ते तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. आम्ही सुक्या माशाची जुडी शेपटीकडूनच बांधतो. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडे जातो. मी दोरा शेंड्याकडे बांधला असणार. केस उलटा धरून बघा.

आता माझं एक काम आहे. खरं सांगा, सुनेला धीर द्यायला लिहिता तसं मला लिहू नका.

माझी थोरली पोटात होती तेव्हा मी फळीवर एकटी होते. तलवारमाशाचं डोकं नि शेपटीकडचं कुणी घेत नाही, ते घरी यायचं. नऊ महिने मी तेच खाल्लं. ती तीन वर्षांची झाल्यावर उभी राहिली, पाच वर्षांची झाल्यावर बोलली. कुणी म्हणालं मी पडले असेन, कुणी म्हणालं नजर लागली. धाकट्याच्या वेळी मी माहेरी होते, समुद्रापासून लांब. तो धडधाकट. ही दोन मुलं मी कधी शेजारी ठेवून विचार केला नव्हता. तुमचं पत्र वाचलं आणि तीन दिवस मला थोरलीच्या तोंडाकडे बघवलं नाही. तिला वाटलं तिचं काही चुकलं, म्हणून ती फळी परत परत धूत राहिली.

ती माझ्यामुळे अशी झाली का?

बाजारात मी कुणाला काही बोलले नाही, तुम्ही बोलू नका म्हणून लिहिलं होतं. पण पोटुशी बाई आली की मी तिला मोठा मासा संपला म्हणते. तो समोर आडवा पडलेला असतो. बायका हसतात, म्हातारीला दिसेनासं झालं म्हणतात. हसू देत. पण त्या पुढच्या फळीवर जाऊन तोच घेतात.

ठमीची सासू

२० सप्टेंबर

आई, नमस्कार.

तुमचं म्हणणं बरोबर निघालं. उरलेले केस मी भिंगाखाली धरले. केसालाही बारीक खवले असतात आणि त्यांची टोकं शेंड्याकडे वळलेली असतात. दोरा शेंड्याकडेच होता. म्हणजे जास्त पारा जूनच्या आधीचा, आणि नंतर तो उतरत आलाय, मुळाजवळ जवळजवळ निम्म्यावर आला आहे. अजून असायला हवा त्याहून थोडा जास्त आहे, पण उतरतोय. ठमीला तुम्ही स्वतः वाचून दाखवा. मी तिला फार टोचून लिहिलं, त्याबद्दल तिची माफी मागते. बाळाचं आपण सगळे डोळ्यांत तेल घालून बघू. डॉक्टरांना हा निकाल दाखवा, लपवू नका.

तुम्ही खरं सांगा म्हणालात. मला माहीत नाही. असू शकेल. नसेलही, मुलं उशिरा चालण्याबोलण्याची कारणं पुष्कळ असतात. अडतीस वर्षांपूर्वीचं आज कुठलंच यंत्र सांगू शकत नाही, आणि जो कुणी तुम्हाला ठाम 'हो' किंवा ठाम 'नाही' म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. याहून बरं काही माझ्याकडे असतं तर मी ते लिहिलं असतं.

पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी कळलं, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही ताटातला मासा बदललात. मला एप्रिलमध्ये कळलं होतं. मी ते फक्त माझ्या बहिणीला लिहिलं आणि वर तिला गप्प राहायला सांगितलं. तुमच्या पुढच्या फळीवर जाणाऱ्या त्या बाया कुणाच्या तरी बहिणी आहेत, एवढं मला पाच महिने सुचलं नाही. तुमचं पत्र आल्यापासून मी साहेबांपुढे दोनदा उभी राहिले. ते अजून परवानगीची वाट बघायला सांगतात.

मी बघणार नाही. सोबत एक कागद आहे. कुठला मासा, त्यात किती पारा निघाला, पोटुशा बायांनी आणि लहान मुलांनी काय खावं आणि काय नको, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. फळीच्या वर लावा, बायकांना उभ्या उभ्या वाचता येईल असा. कुणी विचारलं हे कोण म्हणतं, तर खाली माझं पूर्ण नाव आहे, हुद्दा आहे आणि सही आहे.

तुमच्या सुनेची,
ताई